पगार कुणाचा, संसार कुणाचा?

1974 साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांच्या नजरेस टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, एक जाहिरात पडली. कंपनीला अभियंते हवे होते, पण स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये, असे त्यात छापले होते. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांच्या नावे पोस्टकार्ड टाकले. पुण्यात मुलाखत झाली, नोकरी मिळाली आणि आज आपण ज्यांना सुधा मूर्ती म्हणून ओळखतो त्या टेल्कोच्या कारखान्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या पहिल्या स्त्री अभियंता ठरल्या. चार दशकांनी, 2016 साली, चाकणच्या बजाज कारखान्यात डॉमिनार ही मोटारसायकल ज्या लाइनवर जुळू लागली, ती लाइन पूर्णपणे बायकांची होती. पुढे टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यातही मोटारगाड्यांची अशी लाइन उभी राहिली. आज निगडी, भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यात सकाळी कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या मुली दिसतात. कुणी लातूरची, कुणी बीडची, कुणी बुलढाण्याची. खोली कॉट बेसिसवर घेतलेली असते आणि पगार थेट बँकेत जमा होतो.

पगार आला म्हणजे स्वातंत्र्य आले, असे आपण गृहीत धरतो. तो पगार घरात कुणाच्या हाती जातो? मुलगी कमावती झाल्यावर तिचे लग्न लवकर होते की लांबते? लग्न झाल्यावर नोकरी सोडायची की नाही, हे कोण ठरवते? लग्नच करायचे नसेल तर तिने राहायचे कुठे? हे प्रश्न औद्योगिक वसाहतीने जन्माला घातलेले नाहीत. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी मराठी कादंबरी ते विचारत होती. त्या कादंबऱ्यांनी काय पाहिले आणि काय नजरेआड केले, याचा हा आढावा.

आधी विनोदाबद्दल, कारण या प्रश्नांवर कोण हसते यावरूनही पुष्कळ कळते. इंग्रजीत त्याच सुमारास लग्न आणि स्त्रीचे स्वातंत्र्य या विषयावर खेळकर कादंबऱ्यांची चांगली परंपरा तयार होत होती. एच. जी. वेल्स यांची ‘ॲन व्हेरॉनिका’ 1909 ची, तर एलिझाबेथ फॉन आर्निम यांची ‘द एन्चँटेड एप्रिल’ 1922 ची. चार बायका, त्यांतल्या दोघी नवऱ्यांना मागे ठेवून, इटलीत महिनाभर राहायला जातात, एवढ्या कल्पनेवर ही दुसरी कादंबरी उभी आहे. तिथे हसण्याचा अधिकार नायिकेकडे आहे. मराठीत मात्र हसू बराच काळ पुरुषांच्या हातात राहिले. शिकलेली बायको, चष्मा लावणारी बायको, नवऱ्याला उलट बोलणारी बायको हे प्रहसनांचे हक्काचे खाद्य होते. खाडिलकरांनी 1907 मध्ये ‘बायकांचे बंड’ रंगभूमीवर आणले. त्याला गिरिजाबाई केळकर यांनी ‘पुरुषांचे बंड’ हे नाटक लिहून उत्तर दिले. एका बाईने नाटकाला नाटकाने, हशाला हशाने उत्तर द्यावे, ही त्या काळातली मोठीच गोष्ट. याच गिरिजाबाई 1928 साली नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. मराठी स्त्रीला विनोद जमत नव्हता असे म्हणणाऱ्यांनी त्याआधीचा ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा 1882 चा निबंध वाचावा. त्यातल्या उपरोधाची धार आजही बोथट झालेली नाही.

तरीही कादंबरीत हे हसू फारसे उतरले नाही आणि त्याचे कारण मला समजते. संमतिवयाचा कायदा 1891 साली झाला तेव्हा त्याने मुलीचे वय दहावरून बारावर नेले, आणि तेवढ्यावरही महाराष्ट्रात रणे माजली. बालविधवेचे केशवपन घराघरांत होत होते. अशा वेळी हरिभाऊ आपटे विनोदी कादंबरी लिहिणार तरी कशी? ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 पासून ‘करमणूक’मध्ये येऊ लागली. यमूच्या तोंडून तिची स्वतःची कहाणी सांगताना हरिभाऊंनी मराठी गद्याला पहिल्यांदा बाईच्या घरगुती बोलीचा आवाज दिला. पहिल्या भागांत त्या बोलीत खट्याळपणाही आहे. लहानपणच्या यमूची निरीक्षणे वाचताना हसू येते, आणि पुढे तिचे काय होते हे कळल्यावर त्या हसण्याचाच त्रास होतो. पण यमूच्या हाती काही नाही. ती सोसते, लिहिते आणि मरते. तिच्या दुःखाला कारण असलेले बहुतेक पुरुष आहेत, आणि तिला सर्वांत जास्त सुख देणारा माणूसही पुरुषच, तिचा नवरा.

हरिभाऊंच्या स्नेही काशीबाई कानिटकर लग्न झाल्यानंतर लिहायला-वाचायला शिकल्या. त्यांचे ‘रंगराव’ वाचकांना थोडेफार माहीत असते. ‘पालखीचा गोंडा’ मात्र विस्मरणात गेली आहे. पुस्तक म्हणून ती 1928 साली आली. वेडसर राजाशी लग्न लावून दिलेली एक मुलगी राज्यकारभार हाती घेते आणि तो बायकांच्या साहाय्याने चालवून दाखवते, अशी तिची कल्पना. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी 1905 मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’ या इंग्रजी कथेत पुरुषांना जनान्यात बसवून राज्य बायकांकडे दिले होते. काशीबाईंची नायिका तितकी बेधडक नाही, पण कारभार, शिक्षण, खजिना यांचा तपशील ती जास्त गांभीर्याने पाहते. स्त्रीला अधिकार दिला तर ती काय करील, हा प्रश्न मराठीत इतक्या आधी एका बाईने कथेतून सोडवून पाहिला, आणि आपल्या वाङ्मयेतिहासांनी त्याला दोन-चार ओळींपलीकडे जागा दिली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वामन मल्हार जोशी यांच्यापासून चर्चेला रंग चढतो. ‘रागिणी’ 1915 ची. तिच्या नावाला ‘काव्यशास्त्रविनोद’ जोडलेले आहे आणि पात्रे खरोखरच पानोपानी वाद घालतात. त्या काळच्या वाचकाला रागिणी प्रिय झाली, कारण ती पतिपरायण. आजच्या वाचकाला तिची मैत्रीण उत्तरा जवळची वाटेल. स्त्रीपुरुष समतेवर ती पुरुषांशी बरोबरीने भांडते आणि मुद्दा सोडत नाही. मराठी कादंबरीत बुद्धीने बोलणारी तरुण बाई प्रथम दिसते ती इथे. पुढच्याच वर्षी ‘आश्रमहरिणी’त वामनरावांनी पुनर्विवाहाचा प्रश्न पुराणकाळाच्या वातावरणात नेऊन स्त्रीला दोन पती असण्याच्या शक्यतेपर्यंत ताणला. 1930 च्या ‘सुशीलेचा देव’मध्ये देवाची कल्पना नायिकेच्या आयुष्याबरोबर बदलत जाते. 1934 च्या ‘इंदू काळे व सरला भोळे’मध्ये सगळी कथा पत्रांतून येते. या शेवटच्या कादंबरीत वामनराव सर्वांत मोकळे आहेत. पत्र लिहिणारा प्रत्येक जण स्वतःला शहाणा समजतो आणि दुसऱ्याच्या पत्रातून उघडा पडतो, यातला मिस्कीलपणा अजून ताजा आहे.

स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकवण्यात वामनरावांचे आयुष्य गेले. धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या परिसरातून शिकून बाहेर पडणाऱ्या मुली त्यांनी जवळून पाहिल्या. त्यामुळे त्यांच्या नायिका विचार करतात, हे पटते. पण त्या पैशाचा विचार फारसा करत नाहीत. घरभाडे कोण भरते, हा प्रश्न त्यांच्या तत्त्वचर्चेत क्वचितच येतो.

ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर हे वेगळेच प्रकरण. कॉर्नेल विद्यापीठात समाजशास्त्राच्या अंगाने जातिसंस्थेचा अभ्यास करून आलेला हा विद्वान कादंबरी लिहायला बसला, तो कलेची फिकीर न करता. ‘ब्राह्मणकन्या’ 1930 ची. आईच्या बाजूने कुळाला बोल लागलेला असल्याने कालिंदीचे लग्न जमत नाही. ती घर सोडते आणि शिवशरणाप्पा या व्यापाऱ्याबरोबर लग्नाशिवाय राहू लागते. केतकर तिला शिक्षा देत नाहीत. तिला विहिरीत ढकलत नाहीत, वेड लावत नाहीत, पश्चात्तापही करायला लावत नाहीत. त्या काळच्या कथांत असल्या नायिकेची वाट बहुधा मरणाकडे जायची, हे लक्षात घेतले तर केतकरांचे धाडस कळते. शिवाय समाज बदलायचा तर नवी स्मृती लिहिली पाहिजे म्हणून कादंबरीतला वैजनाथशास्त्री ती लिहायलाच घेतो. मुंबईतल्या कामगार चळवळीचे धागेही या कथेत आहेत. केतकरांची भाषा ओबडधोबड आहे, प्रसंगांची जुळणी सैल आहे, हे समीक्षकांनी पुष्कळ वेळा सांगितले आहे आणि ते खरे आहे. पण लग्न ही जात, वारसा आणि मालमत्ता यांची व्यवस्था आहे, हे इतके स्वच्छ पाहणारा दुसरा कादंबरीकार त्या दशकात नाही.

फडके यांच्या कादंबऱ्यांबद्दल इथे फार लिहीत नाही. त्यांच्या नायिका शिकलेल्या आणि देखण्या आहेत, पण त्यांचे स्वातंत्र्य बहुतेक प्रियकर निवडण्यापुरते. खांडेकरांच्या ‘उल्का’त त्याहून जास्त तळमळ आहे. पु. य. देशपांडे यांच्या ‘बंधनाच्या पलीकडे’ने 1927 मध्ये वेश्येच्या मुलीशी लग्नाचा प्रश्न उभा केला आणि वाचकांत खळबळ उडाली. मामा वरेरकरांनी ‘विधवाकुमारी’ लिहिली, पण आपल्या कारखानदारी पट्ट्यातल्या वाचकाने त्यांची ‘धावता धोटा’ उचलावी. मुंबईच्या गिरण्यांची ही कादंबरी 1933 ची. तिच्यातली बिजली कामगारांतून आलेली आणि तोंडाने तिखट. कारखान्याचा भोंगा, संप, चाळ आणि त्यात वावरणारी बाई मराठी कादंबरीत आणण्याचे श्रेय मामांचे.

आता विभावरी शिरूरकरांकडे येतो, कारण सगळा विषय खरे तर त्यांच्यापाशी येऊन थांबतो. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह 1933 मध्ये ह. वि. मोटे यांनी प्रकाशित केला. त्यावर उठलेले वादळ मराठीत अपूर्व होते. लेखिका कोण, याचा शोध सुरू झाला. ही बाई नसून पुरुष असावा, असेही बोलले गेले, कारण बाईला असे वाटते हे मान्य करण्यापेक्षा ते सोपे होते. लेखिका होत्या बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या. कथा लिहिण्याआधी त्यांनी के. ना. केळकर यांच्यासोबत ‘हिंदु व्यवहार धर्मशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला होता, हे मुद्दाम सांगतो. लग्न, वारसा, स्त्रीधन यांविषयी शास्त्र आणि कायदा काय म्हणतात हे ज्या बाईला पक्के माहीत होते, तिने मग त्याच कायद्यात अडकलेल्या मुलींचे मन लिहिले.

त्या संग्रहातल्या एका कथेचे नाव ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असे आहे. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी. तिच्या पगारावर आईवडील आणि भावंडे अवलंबून. ती लग्न करून गेली तर घर कसे चालणार, म्हणून तिच्या लग्नाची कुणालाच घाई नाही, आणि हे कुणी उघड बोलत नाही. कुणी तिला मारत नाही, कोंडत नाही. सगळे तिचे कौतुकच करतात. ती मात्र आतून वाळत जाते. तिला संसार हवा आहे, स्वतःचा.

ही कथा मी निगडीतल्या एका वाचनकट्ट्यावर वाचली तेव्हा भोसरीच्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सर, हे आमच्याकडं अजून असंच आहे. फक्त बाबा आता फोनवरून विचारतात, पगार झाला का?” भावाचे शिक्षण, घराचा हप्ता, धाकट्या बहिणीचे लग्न यांची यादी तिच्यापाशी तयार होती. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती आणि तिचे वडील वाईट आहेत असे तिला अजिबात सुचवायचे नव्हते. विभावरींनाही तसे सुचवायचे नव्हते. कमावत्या मुलीवर घराचे प्रेमही वाढते आणि हक्कही वाढतो, ही अवघड गोष्ट त्यांनी नेमकी पकडली.

पाठोपाठ 1934 मध्ये ‘हिंदोळ्यावर’ आली. नवऱ्यापासून तुटलेली अचला दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते. त्या वेळी हिंदू विवाह मोडायची कायदेशीर सोय नव्हती. मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा यायला 1947 उजाडले, आणि देशभराचा हिंदू विवाह कायदा 1955 चा. बडोद्यात सयाजीरावांनी 1931 मध्येच घटस्फोटाचा कायदा केला होता, पण पुण्याच्या बाईला त्याचा काय उपयोग? म्हणून अचलेपुढे लग्नाबाहेरचे सहजीवन आणि आईपण हाच रस्ता उरतो. लेखिकेने तिला खलनायिका केले नाही आणि देवीही केले नाही. तिची ओढाताण तेवढी प्रामाणिकपणे लिहिली.

या लेखनाला वाचक कुठून मिळाला? एक उत्तर कारखान्यात सापडते. किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करांच्या कारखान्यातून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक निघू लागले. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे मासिक केले आणि 1930 मध्ये ‘स्त्री’ सुरू केले. घटस्फोट, संततिनियमन, बाईची नोकरी, हुंडा या विषयांवर खेड्यापाड्यांतल्या शिकलेल्या बायका तिथे पत्रे लिहू लागल्या. यंत्रे बनवणाऱ्या माणसांनी बायकांच्या प्रश्नांना व्यासपीठ दिले, ही महाराष्ट्राच्या उद्योगाची अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. पिंपरी-चिंचवड आणि चाकणमधल्या आजच्या बलाढ्य कंपन्यांनी असे एखादे मासिक काढायला काय हरकत आहे?

गीता साने यांच्या ‘निखळलेली हिरकणी’, ‘वठलेला वृक्ष’ आणि ‘हिरवळीखाली’ या तिन्ही कादंबऱ्या 1936 च्या. विभावरींच्या नायिकेला संसार हवा असतो आणि तो मिळत नाही, हे तिचे दुःख. गीताबाईंच्या नायिका संसाराचीच झडती घेतात. नवरा वाईट आहे म्हणून त्या बाहेर पडत नाहीत. चांगला नवराही मालक असतो, हे त्यांना खुपते. लग्नाबाहेर पडलेल्या बाईने जगायचे कसे, याचे उत्तर त्या काळात सोपे नव्हते आणि गीताबाई ते सोपे करूनही दाखवत नाहीत. पुढे त्यांनी ‘चंबळची दस्युभूमी’ लिहिले, 1986 मध्ये ‘भारतीय स्त्रीजीवन’सारखा अभ्यासग्रंथ दिला. पण कादंबरीकार म्हणून त्यांना मिळायला हवे होते ते स्थान मिळाले नाही. माझे मत विचाराल तर 1936 च्या या तीन पुस्तकांत त्या दशकातला सर्वांत निर्भय विचार आहे.

कादंबरीतून पडद्यावर गेलेली एक नायिका विसरून चालणार नाही. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून प्रभातने 1937 मध्ये ‘कुंकू’ काढला. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. ती भूमिका करणाऱ्या शांता आपटे यांनी दोनच वर्षांनी आपल्या करारावरून त्याच कंपनीच्या फाटकावर उपोषण केले. पडद्यावर लग्नाला नकार देणारी बाई प्रत्यक्षात आपल्या मेहनतीच्या अटींसाठी फाटकावर बसली. कादंबऱ्यांना जे पुरते सुचले नव्हते, ते एका नटीने रस्त्यावर करून दाखवले.

या सगळ्या लेखनात एक मोठी उणीव आहे आणि ती सांगायलाच हवी. या बहुतेक नायिका पांढरपेशा, त्यातही ब्राह्मण घरांतल्या. पुण्याच्या पेठा सोडून पलीकडे चिंचवड, भोसरी, चाकण ही त्या वेळी शेतीची गावे होती. तिथली शेतात राबणारी, पुनर्विवाहाची म्हणजे पाटाची चाल असलेल्या समाजातली बाई या कादंबऱ्यांना दिसली नाही. नगर जिल्ह्यातून ‘दीनमित्र’ चालवणाऱ्या मुकुंदराव पाटलांनी ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’सारखी झणझणीत उपरोधिक कादंबरी लिहिली, पण तिचा रोख भटभिक्षुकीवर होता. शेतकरी बाईचे लग्न आणि तिचा हक्क हा विषय तिथेही केंद्रात आला नाही.

आज त्याच गावांच्या जमिनींवर कारखाने उभे आहेत. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये आली, पुढे औद्योगिक विकास महामंडळाने भूखंड पाडले, मग चाकण. जमिनीला सोन्याचा भाव आला. 1994 पासून महाराष्ट्रात आणि 2005 पासून देशभर मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. प्रत्यक्षात बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. केतकर असते तर त्यांनी यावर पाचशे पाने लिहिली असती. पलीकडे आळंदीत, चाकणच्याच खेड तालुक्यात, घरच्यांचा विरोध पत्करून आलेली जोडपी मंगल कार्यालयांत लग्न लावतात. ज्या आळंदीत 1996 च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी शांता शेळके होत्या, तिथेच रोज अशी एखादी कादंबरी सुरू होते. लग्नानंतर ती जोडपी चाकणलाच खोली शोधतात, कारण दोघांनाही तिथे काम मिळते. 1948 च्या कारखाना कायद्याने बायकांना रात्री काम करायला मनाई केली होती. आता अटी घालून ती सैल झाली आहे. सेकंड शिफ्ट करून रात्री परतणारी सून आणि दार उघडणारी सासू, या दोघींमध्ये जे घडते, ते मराठी कादंबरीत यायला हवे.

म्हणून दोन मागण्या करतो. प्रकाशकांनी ‘पालखीचा गोंडा’ आणि गीता साने यांच्या तीन कादंबऱ्यांच्या स्वस्त, चांगल्या छपाईच्या आवृत्त्या काढाव्यात, आणि पिंपरी-चिंचवडमधल्या ग्रंथालयांनी त्या मुलींच्या वसतिगृहांपर्यंत पोचवाव्यात. आणि कंपनीत जाणाऱ्या, पहिल्या पगारातून घरी पैसे पाठवणाऱ्या मुलींनो, तुम्ही लिहा. सुरुवात करायची तर ‘कळ्यांचे निःश्वास’ वाचून करा.